टिपकागदाबाहेर

एकतीस वर्षं मी नेचे चिकटवले.
साताऱ्यात, कॉलेजच्या जिन्याखालची खोली,
डिंकाची बाटली, सुईदोरा, डांबरगोळ्यांचा वास.
पोरं सहलीवरून आणायची, सर नाव सांगायचे,
मी पुठ्ठ्यावर बसवायचो: सपाट, तपकिरी, निमूट.
हजेरीपटासारखे पाठ होते सगळे,
पण कुणाच्या घरी कधी गेलो नव्हतो.

रिटायर झालो त्या भाद्रपदात गेलो.
नवजाच्या वर, एसटी वळून माघारी फिरते तिथं
सगुणा ढेबे उभी, डोक्यावर इरलं, हातात कोयता.
काय बघायचंय म्हणाली.
नेचे, म्हणालो.
"त्यात काय बघायचं? त्ये हायेच की."

होतेच.
दरडीला, ओहोळाला, गोठ्यामागच्या दगडांना.
कोवळं पान मूठ मिटून वर येतं
हे मला ठाऊक नव्हतं.
लवभरली, घट्ट गुंडाळलेली मूठ,
देठाकडून शेंड्याकडे उलगडत जाणारी, घाई नसलेली.
आमच्याकडे असं पान कुणी आणलंच नाही.
पुठ्ठ्यावर फक्त कर्ती पानं.

झऱ्याच्या तोंडाशी हंसराज.
काळ्या केसाएवढे देठ, आणि पानांवरून पाणी
न भिजवता घरंगळत होतं.
मी बोट लावलं. बोट तेवढं ओलं झालं.

मग जांभळीच्या खांद्यावर ते बाशिंग.
वर हिरवी, लांब, कातरलेली पानं,
बुडाशी वाळकी, रुंद, खोडाला बिलगलेली.
हीच मी कात्रीनं छाटायचो.
मेलेली समजून. शीट नीट दिसावं म्हणून.
सगुणा म्हणाली, तीच तर धरून ठेवतात
पडलेला पाला, धूळ, पाखरांची शीट,
तिथंच त्याची माती होते,
त्या मुठभर मातीवर वरचं हिरवं उभं.
किती बाशिंगं छाटली असतील मी?
दोनशे? जास्त?
"तुमचं लगीन?"
नाही झालं.
"मग काय," कोयता खांद्यावर टाकत म्हणाली,
"झाडं तरी बाशिंग बांधून बसल्याती."

पुढं तिनं एक पान तोडून
माझ्या दंडावर उलटं ठेवलं आणि चापट मारली.
पांढरं गोंदण उठलं,
शिरा न् शीर, सुईनं काढावं तसं.
लहानपणी सगळ्याच पोरी काढायच्या, म्हणाली,
घामानं जायचं, परत काढायचो.

घळीत उतरलो तेव्हा मान वर करावी लागली.
आमच्या कपाटात त्याचा एक तुकडा आहे,
चार घड्या घातलेला: 'पान, भाग १'.
बाकीचे भाग कुणी पाठवले नाहीत.
इथं ते खोडासकट उभं, दोन पुरुष उंच,
गळलेल्या पानांचे वण अंगभर,
आणि माथ्यावरच्या जाळीतून आभाळ
चाळून खाली पडत होतं.
मी टोपी काढली. का, ते माहीत नाही.

परतताना, ओल्या कडेला
नखाएवढं हिरवं बदाम दिसलं, चिखलाला चिकटलेलं.
सगुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं,
दाराआडून ऐकलेल्या तासांमुळं.
म्हणालो, ना फूल, ना बी.
पानामागची पूड उडते, तिचं आधी हे होतं.
मग पाण्याचा एक पापुद्रा पुरतो,
तेवढ्यात पोहून होतं सगळं,
आणि यातून नेचा उठला की हे विरून जातं.
"म्हंजे ही आई?"
आई.
"आन् बाप?"
तीच.
ती वाकून बराच वेळ बघत राहिली.
मग पाय जपून टाकू लागली, मलाही टाकायला लावले.

चैत्रात, यवतेश्वरच्या वाटेवर,
दगडी बांधाच्या फटीत एक काळी सुकी जुडी दिसली.
रोजचा रस्ता. मी तिला काडीकचरा समजत आलेलो.
बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं आणि बाजूला बसलो.
गुडघे दुखत होते, तेही एक कारण.
लगेच काही घडलं नाही.
दुसऱ्या दिवशी गेलो, तर मोराचा पिसारा,
बोटाएवढा, उघडलेला.

दाबपेटी घरीच आहे. पट्टे सैल केलेत.
रद्दी मात्र अजून विकलेली नाही.